तीन नळ्या, एक कुंभारीण

आमचे घरमालक कुलपात किल्ली घालण्याआधी भोकात तार घालून बघत. तार बाहेर काढून उजेडात फिरवत, टोकाला काही लागलंय का ते अंगठ्यानं चाचपत, आणि मगच किल्ली. नळाच्या तोंडात तार, चुलीच्या फुंकणीत तार, पाणी तापवायच्या बंबात तार. आम्ही त्या घरात भाड्यानं राहायला गेलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस चोरांना भितो. पुढं कळलं की चोर आला असता तर ह्यांनी त्याला बसायला चटई दिली असती. ते भीत होते एका माशीला. कुंभारणीला.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची काळी-पिवळी माशी. मोरीजवळचा चिखल तोंडात धरून आणते आणि कुठल्याही भोकात, कोनाड्यात, भिंतीच्या खाचेत मातीचं घर लिंपून बसते. पेडगावला, माझ्या माहेरी, आम्ही पोरी तिच्या मागं मागं हिंडायचो. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि हा पन्नाशीचा, धिप्पाड, हैदराबादेत नोकरी करून आलेला माणूस अंगणात तिची गुणगुण ऐकली की हातातला पेला खाली ठेवायचा.

घर परभणीला, स्टेशनच्या रस्त्यावर. मधे अंगण, एका बाजूच्या खोल्यांत ते एकटे, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान पिंगळीच्या स्टेशनावर कारकून होते, सकाळच्या गाडीनं जात आणि दिवेलागणीला परत येत. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. कचेरीवरच्या पाट्या मराठी झाल्या होत्या, पण लोकांच्या तोंडातले शब्द जुनेच होते. आमच्या घरमालकांच्या तोंडात तर एक शब्द कायमचा मुक्कामाला होता: गवाह, म्हणजे साक्षीदार.

"गवाह किती?" कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न हा. सासूबाई म्हणाल्या की शेजारणीच्या म्हशीला रेडकू झालं, तर हे विचारणार, गवाह किती? दूध उतू गेलं का हे मला विचारणार, मग सासूबाईंना विचारणार, मग स्वतः येऊन चूल बघणार. स्टेशनावर गेले तर गाडी कधी येणार ते मास्तरांना विचारत, मग हमालाला, आणि मग खाली उतरून रुळाला हात लावून बघत. मास्तर रागावत नसत, कारण सगळ्या गावाला सवय झाली होती. गल्लीत त्यांना नावच पडलं होतं, तीनदा काका. ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते बहुधा तिघांकडून खात्री करूनच स्वीकारलं असावं.

मी हसायचे. तोंडाला पदर लावून हसायचे. पण एक गोष्ट सांगून टाकते, त्या घरात राहून मला भीतीची लागण झाली. आधीच मी भ्यालेली होते. माझं दोनदा पोट पडलं होतं. दोन्ही वेळा बायका म्हणत राहिल्या, सगळं ठीक आहे, काही काळजी करू नको. आणि ठीक नव्हतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि घरात एक माणूस सकाळपासून विचारत हिंडत होता की जे ठीक म्हणायलेत ते ठीक कशावरून.

हैदराबादेत ते एका विमान कंपनीत होते. विमान चालवायला नव्हे. विमानातल्या चालकाच्या पुढ्यात जे काटे असतात, उंची दाखवणारे, वेग दाखवणारे, त्यांची देखभाल करायला. नोकरी का सोडली हे कुणाला माहीत नव्हतं. विलीनीकरणात गेली असेल असं लोक समजत, तशा पुष्कळांच्या गेल्या होत्या. एखादं विमान वरून गेलं की गल्लीतल्या बायका अजून पोरांना घरात ओढायच्या, पोलीस ॲक्शनच्या दिवसांची धास्ती गेली नव्हती. हे मात्र उलटे बाहेर धावत. अंगणात मान वर करून उभे राहत. विमान दिसेनासं झालं तरी उभे, आवाज विरला तरी उभे. मग खाली बसत आणि धोतराच्या सोग्यानं मानेवरचा घाम पुसत.

माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, त्यांनी एक खांब रोवला होता. त्याला शेजारी शेजारी तीन तांब्याच्या नळ्या बसवल्या होत्या, तोंडं वाऱ्याकडं. तिन्ही नळ्यांना रबरी नळ्या जोडून खाली त्यांच्या खोलीत आणल्या होत्या, आणि तिथं भिंतीवर काचेच्या तीन तिरप्या नळ्यांत कुंकू कालवलेलं पाणी भरून ठेवलं होतं. वर वारा सुटला की खाली लाल पाणी सरकायचं. तिन्ही पाणी बरोबरीनं सरकलं तर ठीक. एक मागं राहिलं की एक लाकडी पट्टी कलायची आणि बॅटरीवरची घंटी घणघणायची. ती घंटी कधीही वाजायची. मी भाकरी थापताना दचकायचे, सासूबाई माळ जपताना मणी चुकायच्या, आणि हे आनंदानं ओरडत जिना चढायचे, कारण त्यांना एक खोटा गवाह सापडलेला असायचा. कधी नळीत पान अडकलेलं असे, कधी रबर तडकलेलं.

हे सगळं कशासाठी, ते मला एका दुपारी कळलं. त्यांनी माझ्याकडं खादीचा तुकडा आणि सुईदोरा आणून दिला आणि विचारलं, बोटाच्या पेराएवढ्या तीन टोप्या शिवून द्याल का. नळ्यांना संध्याकाळी घालायच्या होत्या. मी ओट्यावर बसून शिवत होते आणि ते पायरीवर बसले होते. माझ्या हातातली ती एवढीशी टोपी बघत बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

विमानाला बाहेर एक नळी असते. तिच्यातून विमानाला वारा कळतो, म्हणजे आपण किती जोरात चाललोय ते कळतं. आणि तिच्या अंगाला बारीक भोकं असतात, त्यांतून उंची कळते. लांबच्या पल्ल्याला चालक थकतो, म्हणून एक यंत्र बसवतात, ते आपलं आपण विमान हाकतं. मला हे काही पटेना. तेव्हा ते म्हणाले, बाजारातून परतताना गाडीवान झोपतो की नाही? बैल बरोबर घरी आणतात. तसंच हे. फक्त बैलाला डोळे असतात, यंत्राला नसतात. त्याला फक्त ती नळी असते.

पावसाळ्यात एक विमान काही दिवस उभं होतं. नळीवरची टोपी हरवली होती. कुंभारणीनं भोकापाशी घर धरलं, पण पुरतं बांधलं नव्हतं, त्यामुळं उडताना काटे बरोबर हलले. वर गेल्यावर पावसात ती माती भिजली, फुगली, आणि भोक बंद झालं. त्या क्षणी जी उंची होती तीच काटा दाखवत राहिला. विमान हळूहळू खाली येत होतं, काटा म्हणत होता जागच्या जागी आहे, आणि यंत्र काट्याचं ऐकत होतं. भोवती ढग. चालकालाही दुसरं काही दिसत नव्हतं. मग डोंगर आला.

तुकडे गोळा करायला घरमालकांना पाठवलं. विमानातला बिनतारी संदेश पाठवणारा माणूस ह्यांचा जिवलग. त्या सकाळी ह्यांच्याच डब्यातली भाकरी खाऊन गेलेला. ह्यांना ती नळी सापडली. त्यांनी ती तळहातावर आपटली. माती पडली, आणि मातीत कुंभारणीनं पिलांसाठी कोंबून ठेवलेले सुकलेले कोळी.

"यंत्रानं काय गुन्हा केला, सूनबाई?" ते म्हणाले. "त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. एकाच गवाहाच्या भरोशावर समद्यास्नी फाशी झाली. कुणी खोटं बोललं न्हाई, आन् कुणाला काय इचारलंबी न्हाई."

माझी सुई बोटात घुसली. तेवढ्यात सासूबाई झोपेतून उठून बाहेर आल्या आणि माझ्या मांडीवरच्या इवल्याशा टोप्या त्यांना दिसल्या. मग काय विचारता. मूल जन्मायच्या आधी टोपडं शिवायचं नाही, झबलं शिवायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि दोनदा ओटी रिकामी झालेली ही बया तीन तीन टोपडी शिवत बसलीय! त्या माझ्या अंगावर धावल्या. घरमालकांनी समजावलं की टोपडी नळ्यांची आहेत. सासूबाईंना ते खरं वाटायला वेळ लागला, आणि खरं वाटल्यावर त्यांचं ह्या माणसाविषयीचं मत आणखीच बिघडलं.

खरी लढाई मात्र पुढं झाली. चैत्रात आमच्या खोलीच्या चौकटीवर कुंभारणीनं घर बांधायला घेतलं. सासूबाई बोरी गावच्या. त्यांच्याकडं असं मानतात की कुंभारीण घरात मातीचं घर करते ती पाळण्याचा निरोप घेऊन येते. तिचं घर मोडलं तर कूस मोडते. त्यांनी चौकटीला हात जोडले. आणि दुसऱ्या सकाळी बघतात तर घरमालक स्टुलावर उभे, हातात तार.

सासूबाई मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्या स्टुलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दोन लेकरं गेलीत माझ्या सुनेची. हे घर मोडायचं आसंल तर आदी मला सांगा, तिसरंबी तुमीच नेलं म्हनून."

तो माणूस स्टुलावरून उतरला. त्याचा चेहरा मला आठवतो. एका बाजूला त्यांची भीती, दुसऱ्या बाजूला आमची. दोन्ही एकाच माशीच्या दोन पंखांवर बसलेल्या. शेवटी त्यांनी शब्द दिला, की माझं बाळंतपण होईपर्यंत ह्या घरातलं कुंभारणीचं एकही घर मोडणार नाही. मी मनात म्हटलं, तीनदा विचारायच्या आधीच ह्यांनी होकार दिला, हे पहिल्यांदाच घडलं.

वैशाखात त्यांना हिवताप आला. थंडी वाजून दात वाजायचे, मग ताप, मग घाम, आणि घरात दुसरं माणूस नाही. सासूबाईच पेज करून देत. भांडण वेगळं आणि पेज वेगळी. त्या दिवसांत ते माळवदावर चढले नाहीत, नळ्यांच्या टोप्या खोलीतच पडून राहिल्या. अंथरुणावरून भिंतीवरच्या तीन नळ्या दिसत होत्या. वाराही पडलेला होता, घंटी वाजत नव्हती. मी पेज घेऊन गेले की ते समाधानानं सांगायचे, तिन्ही गवाह एकदिलानं बोलायलेत, सूनबाई, एकदाबी घंटी न्हाई.

ताप उतरला आणि एका दुपारी वादळ आलं. पावसाचं नव्हे, कोरडं. आधी क्षितिजावर तांबडी भिंत उभी राहिली, आणि मग ती अंगावर आली. समोरच्या दुकानाचा पत्रा उडून रस्त्यावर लोळत गेला. कडुलिंबाची फांदी कडाडून आमच्या अंगणात पडली. आम्ही दार लावायला धडपडत होतो आणि मला पलीकडं घरमालक त्यांच्या खोलीत उभे दिसले. ते भिंतीकडं बघत होते. मी सगळा धीर करून अंगण ओलांडलं, म्हटलं ह्यांना पुन्हा भोवळ आली की काय.

भिंतीवर तिन्ही नळ्यांतलं लाल पाणी तळाशी होतं, अगदी एका रेषेत. पट्टी सरळ होती. घंटी गप्प होती. बाहेर घर उडायची वेळ आली होती आणि त्या तीन नळ्या सांगत होत्या की वारा नाही.

ते जिन्याकडं धावले. मी खालून ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वादळ ओसरल्यावर ते खाली आले, केसांत, मिशांत, पापण्यांवर धूळ. खाली बसले. मग त्यांनी तळहात पुढं केला. बोटांना हळदकुंकू लागलेलं होतं.

तिन्ही नळ्यांची तोंडं मातीनं लिंपलेली होती, आणि त्या मातीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. सासूबाई माळवदावर कुरडया वाळत घालायला जात असत. त्यांनी कुंभारणीला नळीत शिरताना पाहिलं होतं. एक नव्हे, तीन घरं. म्हणजे तीन नातू! आनंदानं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागू नये म्हणून. रोज गुपचूप पूजा करून येत होत्या. आता त्या कंबर कसून भांडायला तयार झाल्या, पण घरमालक भांडले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "माय, मी जबान दिलीया. न्हाई मोडत."

आणि खरंच मोडलं नाही. त्या नळ्या तशाच राहिल्या. पण त्या दिवसापासून त्यांची भीती वेगळीच झाली. आधी ती वरवर असायची, हातपाय हलवणारी, तारा घेऊन धावणारी. आता ती आत जाऊन बसली. जेवताना मधेच थांबायचे. एकदा मला म्हणाले की माझा बाप कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा, आणि रोज एकच गोष्ट सांगायचा: एका भावकीतले दहा गवाह आणले तरी मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, त्यांना एकच धरतो. पुढं म्हणाले, मी ते लहानपणापासून ऐकलं, आणि तीन नळ्या एकाच खांबाला, एकाच दुकानातल्या, शेजारी शेजारी बांधल्या. मला पहिल्यापासून वाटायचं एकानं दगा दिला तर काय. तिघं मिळून गप्प बसले तर काय, हे मनातच आलं नाही.

हैदराबादला ते एकदा आपली तीन नळ्यांची योजना घेऊन जुन्या कंपनीत गेले होते, हे मी आधी सांगायला हवं होतं. साहेबानं चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि विचारलं की एका नळीच्या जागी तीन नळ्यांचं वजन विमानानं कशाला वाहायचं. परभणीला परत येऊन आमच्या ओट्यावर बसल्यावर ह्यांना उत्तर सुचलं, आणि ते त्यांनी मला, सासूबाईंना आणि रात्री यजमानांना, असं तिघांना सांगितलं: मेलेल्यांचं वजन कोण वाहतं ते विचारायला पाहिजे होतं. वादळानंतर मात्र ते म्हणाले, बरं झालं साहेबानं ऐकलं नाही. माझ्या तीन नळ्या बसवल्या असत्या आणि लोक निर्धास्त झाले असते.

मग त्यांनी नवं मांडलं. एक नळी, पण ती खांबाऐवजी विहिरीच्या बाजूला. दुसरी नळीच नाही, वाट्यांची फिरकी, वाऱ्यानं गरगरणारी. तिसरी तर नुसती कापडाची पट्टी, माणसानं डोळ्यांनी बघायची. तिघांची जात वेगळी, घर वेगळं. आणि घंटीचा नियम बदलला. आता ती भांडण झालं तरी वाजायची आणि फार वेळ कुणीच हललं नाही तरी वाजायची. ते म्हणत, जो बोलतो त्याच्यावर शंका घेणं सोपं आहे. जो गप्प आहे त्याला हलवून विचारावं लागतं की बाबा, जागा आहेस का.

दिवस भरत आले तसं मला रात्रंदिवस एकच वाटायचं, ह्या खेपेलाही सगळ्या ठीक म्हणतील. सुईण येऊन पोट चाचपून जायची आणि म्हणायची, झ्याक हाय.

एका सकाळी उठले तर मूल हलत नव्हतं. आदल्या संध्याकाळी लाथा मारत होतं. मी न्हाले, चूल पेटवली, थोडा गूळ खाल्ला, की गोडानं तरी हलेल. काही नाही. यजमान पिंगळीला निघून गेले होते. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, यायच्या आधी लेकरू गप होतंय, दम खातंय. शेजारीण आली, तीही तेच म्हणाली. सुईणीला निरोप गेला, तिचाही उलट निरोप आला: कळा सुरू झाल्या की बोलवा, गप होणं चांगलंच असतं. तिघी एकमुखानं बोलत होत्या. मी पडून राहिले. मला खोटं पाडायचं नव्हतं कुणाला. मला फक्त भीती वाटत होती.

घरमालक अंगणात आले होते. दाराबाहेरूनच त्यांनी सासूबाईंना विचारलं की काय चाललंय, आणि सासूबाईंनी सांगितलं की सगळं ठीक आहे. अर्थातच त्यांनी विचारलं, गवाह किती? सासूबाई चिडून म्हणाल्या, घ्या, तीन हायेत, मी, शेजारीण आन् सुईण. आता तरी जावा.

ते गेले नाहीत. बाहेर चप्पल घासल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आज पोटाला हात कुणी लावला?"

सासूबाईंनी लावला नव्हता. लेकरू गप होतं हे त्यांना सुईणीनंच कधीतरी सांगितलेलं. शेजारणीनं ते सासूबाईंकडून ऐकलेलं. सुईण तर आज आलीच नव्हती. तीन गवाह, आणि तिन्ही एकाच खांबाचे. हे मला आत पडल्या पडल्या त्यांच्या आधी कळलं, आणि मला हुंदका फुटला.

"सूनबाई," ते बाहेरून म्हणाले, "तुमी सांगा. तुमाला कुणी इचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "काका, सकाळपासून हललं न्हाई. मला लय भ्या वाटायलंय."

पुढचं सगळं पळापळीत गेलं. ते अनवाणी पळाले. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना टांग्यात घालून घेऊन आले. नर्सबाईंनी पिशवीतून एक लाकडी नळी काढली, कर्ण्यासारखी. एक टोक पोटावर ठेवायचं, एकाला कान लावायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. त्या खोलीत शिरणार, तोच घरमालकांनी दारात त्यांच्यापुढं हात पसरला. नळी द्या म्हणाले. नर्सबाईंना वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. त्यांनी नळी घेतली, आकाशाकडं धरून आरपार पाहिलं, एकदा फुंकर मारली, आणि दोन्ही हातांनी परत दिली. त्या भीतीतही मला हसू आलं, खरं सांगते.

नर्सबाईंनी कान लावला. बराच वेळ लावला. मग जागा बदलून लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. उठून त्या एवढंच म्हणाल्या की ठोके आहेत, पण फार सावकाश, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.

टांग्यात मी आणि सासूबाई आणि नर्सबाई. टांग्यापुढं घरमालक पळत होते, रस्त्यातली गाढवं, शेळ्या, सायकली बाजूला करत. अनवाणी, उघड्या डोक्यानं, ओरडत. लोक म्हणाले, आज तीनदा काकाचं विमान पडलं.

नाळ बाळाच्या गळ्याभोवती दोन वेढे घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं ओढून काढलं. मुलगी. निळी पडलेली, आणि गप्प. ते गप्प राहणं किती वेळाचं होतं ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हापासून कुठल्याही शांततेवर विश्वास ठेवलेला नाही. नर्सबाईंनी तिला पालथं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून घशातलं काढलं. मग ती रडली, मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात.

सासूबाई मरेपर्यंत श्रेय कुंभारणीलाच देत राहिल्या. तीन घरांचं एकच नातवंड झालं, आणि तेही मुलगी, ह्याचा हिशेब त्यांनी कसा जुळवला ते त्यांनाच ठाऊक. पण त्या मुलीला त्यांनी जमिनीवर ठेवलं नाही.

घरमालक व्हरांड्यात होते. त्यांनी रडणं ऐकलं असणारच. दाराला एक फडकं तेवढं होतं. तरी त्यांनी नर्सबाईंना विचारलं, जिवंत आहे का. त्या हो म्हणाल्या. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना विचारलं. त्याही हो म्हणाल्या. मग ते घुटमळले. मी आतून ऐकत होते आणि मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय ते: दोघी एकाच खोलीतल्या.

मी सासूबाईंना म्हटलं, त्यांना आत येऊ द्या. सासूबाईंनी पदर सावरला आणि, कधी नव्हे ते, वाट दिली. ते आत आले. माझ्याकडं पाहिलंही नाही. दुपट्यातल्या त्या चिमण्या तोंडाजवळ वाकले, हाताचं एक बोट धोतराला पुसलं, आणि तिच्या नाकाच्या दोन इवल्या भोकांखाली धरलं.



"वारा हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी बोट काढलं, पुन्हा पुसलं आणि पुन्हा धरलं. आणि पुन्हा एकदा.